झुरळांसाठी पेस्ट कंट्रोल: दुसऱ्यांदा निवडताना मी काय पाहिलं

पहिल्या वेळी पेस्ट कंट्रोलची कंपनी मी फोनवरच ठरवली, पाच मिनिटांत. "किती खोल्या?" एवढंच त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला, त्यांनी पैसे सांगितले, दुसऱ्या दिवशीची वेळ ठरली. कोणता किडा आहे, कुठे दिसतो, घरात कोण कोण राहतं, यातलं काहीच विचारलं नाही आणि मलाही ते खटकलं नाही. रात्री स्वयंपाकघरात दिवा लावला की ओट्यावरून झुरळं पळायची. ती जावीत, बस्स.

दोघंजण पाठीवर पंप घेऊन आले आणि अर्ध्या तासात सगळ्या खोल्यांच्या कडेकडेने औषध मारून गेले. संध्याकाळी घर उघडलं तर जमिनीवर मेलेल्या झुरळांचा खच. मला हायसं वाटलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मुलाची हाक आली. त्याच्या टाकीतले सहाच्या सहा मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. हवेचा पंप चालूच राहिला होता, म्हणजे खोलीतली हवा दिवसभर टाकीत जात होती. फवारणीची बरीच औषधं सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली असतात आणि माशांसाठी ती अगदी थोडी असली तरी जीवघेणी ठरतात, हे मला त्यानंतर कळलं. "टाकी झाका, पंप बंद करा" एवढं कुणी म्हणालं असतं तरी चाललं असतं. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "तुम्ही सांगितलं नाहीत." मी सांगायला हवं होतं, मान्य. पण रोज विष हाताळणाऱ्या माणसाने आधी विचारायला हवं, हे माझं मत आजही तेच आहे.

महिन्याभरात झुरळं परत आली. या वेळी तिळाएवढी, आणि कितीतरी जास्त.

मग मात्र मी ठरवलं, घर न बघता जो दर सांगेल त्याला काम द्यायचं नाही. चार ठिकाणी फोन केले. दोघांनी तिथेच पैसे सांगितले, ते बाद. तिसरे गृहस्थ आले, पण स्वयंपाकघराच्या दारातूनच नजर फिरवून म्हणाले, "हर्बल औषध आहे, वासही येत नाही, घरातच बसा." औषधाचं नाव विचारलं तर म्हणाले, ते आमचं खास मिश्रण आहे. सासूबाईंना दमा आहे. त्यांच्या खोलीत काय मारलं जाणार हे मला कळणार नसेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. "हर्बल" या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. जे किडा मारतं त्याला नाव असतं, डब्यावर लेबल असतं आणि त्या लेबलवर घटक, प्रमाण आणि विषबाधा झाल्यास काय करायचं ते छापलेलं असतं.

चौथा मुलगा वयाने लहान होता. आल्या आल्या त्याने विचारलं, "घरात लहान बाळ, आजारी माणूस, मांजर, मासे, पक्षी, यातलं काही आहे का?" माझा निर्णय खरं तर तिथेच झाला. पण त्याने पुढे जे दाखवलं ते सांगायलाच हवं.

तो टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसला, सिंकखालच्या कपाटाचं दार उघडलं आणि बिजागरीवर उजेड टाकला. तिथे बारीक काळे ठिपके होते, कुणी पेनाचं टोक टेकवत गेल्यासारखे. मी ते रोज बघत होते आणि मळ समजत होते. "ही विष्ठा. जिथे हे ठिपके, तिथे त्यांची वस्ती," तो म्हणाला. मग फ्रिजच्या दाराचं रबर बोटाने उलटवून एक तपकिरी, चपटी, बारीक आडव्या रेषांची डबी काढली, जेमतेम नखाच्या अर्ध्याएवढी. अंड्यांची पिशवी! हे जर्मन झुरळ. अशा एका पिशवीत 30 ते 40 अंडी असतात आणि मादी ती पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास टाकते, तोवर शेपटाकडे धरूनच हिंडते. फवारणीने मादी मेली तरी पिशवीतली अंडी शाबूत राहू शकतात. माझ्याकडे महिन्याभराने आलेली "नवी" झुरळं कुठून आली, ते तेव्हा उलगडलं.

फवारणी करायचीच नाही, असं त्याने सुचवलं. जेल, म्हणजे झुरळांनी खावं असं विषारी आमिष, लावायचं, तेही ठिपके दिसतील तिथेच. जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, बिळात जाऊन मरतं. तिथे इतर झुरळं त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग खातात, म्हणून बाहेर न येणारी पिल्लंही मरतात. त्यावर वरून स्प्रे मारला तर झुरळं जेलच्या जवळच येत नाहीत. उरलेला स्प्रे उत्साहाने मारू नका, हे त्याने दोनदा बजावलं.

लेखी काय घ्यायचं ते मात्र मी ठरवून ठेवलं होतं: कोणता किडा, औषधाचं आणि त्यातल्या घटकाचं नाव, कंपनीचा परवाना, किती फेऱ्या, मध्ये त्रास झाला तर मोफत येणार का. एका कंपनीच्या छापील करारात "एका वर्षाची हमी" ठळक होती आणि खाली बारीक अक्षरांत भेट एकच. पिशवीतली अंडी फुटायला जवळपास चार आठवडे लागतात, मग एका भेटीच्या हमीला काय अर्थ? या मुलाने स्वतःहून तीन फेऱ्या लिहून दिल्या, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने.

माझंही काम होतंच. गॅसमागचा तेलकट थर काढणं, नळाची गळती थांबवणं, रद्दी आणि पुठ्ठ्याची खोकी बाहेर काढणं. खायला दुसरं मिळालं तर झुरळं जेलकडे का जातील?

जेल लावण्याआधी त्याने चार चिकट सापळे ठेवले होते. पहिल्या रात्रीनंतर सिंकखालच्या सापळ्यावर मी 41 झुरळं मोजली. दुसऱ्या फेरीला 6 होती, तीही बहुतेक पिल्लं. तिसऱ्या फेरीला सापळा कोरा होता. तरी त्याने बिजागरीत पुन्हा टॉर्च मारून पाहिला आणि मगच सही घेतली.

मुलाने टाकीत नवे मासे सोडले आहेत. सिंकखाली सापळा अजून आहे. दर दोन महिन्यांनी मी तो बदलते आणि मागे तारीख लिहून ठेवते.