दयाळ आणि कोल्हा: वहीचा तिसरा महिना

फेब्रुवारीत ठरवलं, दोनच आवाज टिपायचे. पहाटे दयाळ पक्षी, तिन्हीसांजेला कोल्हा. जागा दाभोळ खाडीकाठचं आमचं आगर; पुढे खाजण, म्हणजे खारफुटीची दलदल; मागे सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार.

आधी एक खुलासा, कारण मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं, कोल्हा म्हणजेच खोकड ना? कोल्हा आणि खोकड एक नव्हेत. खोकड देशावरच्या माळावरचं, दोन-तीन किलोचं, लांब कानांचं. कोल्हा त्याच्या तिपटीने जड आणि लांडग्याच्या जवळच्या नात्यातला. कोल्हेकुई त्याचीच.

दयाळ मार्चपासून रोज साडेपाचच्या पुढेमागे माडावर बसून गातो. चार पहाटे मी वहीत 'शिंपी' पक्षी लिहिला होता, ते खोडावं लागलं. दुर्बिणीतून पाहिलं तर चोच हलत होती दयाळाची! दुसऱ्यांचे सूर हा सहज उचलतो. तुमच्या जुन्या नोंदी एकदा तपासा.

११ एप्रिलला पलीकडच्या आगरातला नर आमच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उतरला. आमच्या नराने पिसं फुलवली, चोच आभाळाकडे केली, शेपटी पसरली आणि त्याच्यासमोर मिरवत चालू लागला. मिनिटभरात पाहुणा परत गेला. चाळीसेक ग्रॅमचा जीव, पण काय तो रुबाब!

कोल्ह्याचं मोजमाप अवघड. एक लांब हेल काढतो, दुसरा त्यात मिसळतो, आणि दोघांचे पाच वाटतात. त्यामुळे संख्या लिहिणं मी सोडलं. वेळ आणि दिशा तेवढी लिहितो. सड्याच्या वाटेवर विष्ठा मिळाली, तीत करवंदाच्या बिया आणि कुर्लीच्या (खेकड्याच्या) नांगीचा तुकडा. म्हणजे रात्रीत तो सडा आणि खाजण दोन्ही फिरतो.

दोघेही ओरडून हद्द सांगतात, पण मला फरक दिसतो तो असा. दयाळाचं गाणं शेजारच्या नरासाठी आणि मादीसाठी, विणीचा हंगाम सरला की ओसरणारं. कोल्ह्याची जोडी मात्र एकत्र ओरडते आणि बारा महिने. त्या हाकेत परक्याला इशारा असतो, तसा आपल्या माणसाला पत्ताही.

जांभ्याच्या कुंपणातल्या भोकात दयाळीण काड्या नेतेय. तिकडे मी महिनाभर फिरकणार नाही.

काल पहाटे ५:३६ ला खाजणातून कोल्हा ओरडला आणि त्याचा हेल संपायच्या आत माडावरून दयाळाची पहिली शीळ आली. दोघे एकाच रेकॉर्डिंगमध्ये, पहिल्यांदाच. खाडीपल्याड कुणी पहाटे जागं असाल तर वेळ टिपून ठेवा, जुळवून पाहू.