म्युनिक ते ओबर्नडोर्फ : पिस्तुलाच्या लाकडी मुठीसाठी केलेला प्रवास

गेल्या हिवाळ्यातील एका स्पर्धेत माझ्या भाचीचे एअर पिस्तूल साहित्य-तपासणीच्या टेबलावर अडले. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात संपूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत सहज मावावे लागते, आणि तिच्या पिस्तुलाची मूठ जाडीला दोन मिलिमीटर जास्त भरली. दोष आमचाच होता. आयत्या मिळालेल्या मुठीत तिच्या तळव्याखाली पोकळी राहत असे, ती आम्ही एम-सील थापून बुजवली होती आणि थापताना मापाकडे लक्ष दिले नव्हते. तेथेच कानशीने घासून मूठ पेटीत बसवली, परंतु घासलेल्या मुठीने तिचा हात पूर्वीसारखा बसेना आणि त्या दिवशीची नेमबाजी गेली ती गेलीच.

त्याआधी कोल्हापुरातील एका कसबी सुताराकडून आम्ही शिसवीची मूठ करून घेतली होती. काम देखणे होते, पण दोन गोष्टी चुकल्या. शिसव घनमीटरला ८०० किलोंच्या वर भरते आणि अक्रोड साधारण ६५० च्या आसपास, त्यामुळे पिस्तुलाचा तोल मागे, मनगटाकडे सरकला. शिवाय वर चढवलेल्या चकचकीत पॉलिशमुळे घामेजलेला हात दहाव्या-बाराव्या गोळीनंतर सरकू लागे. फर्निचरला जी झळाळी शोभते ती मुठीला मारक ठरते, हे आम्हाला तेव्हा कळले. हातावर मूठ बसवून देणारा कारागीर प्रत्यक्ष गाठावा असे तेव्हाच ठरले, आणि २०२५ च्या जूनमध्ये, म्युनिकला विश्वचषक स्पर्धा असताना, आम्ही दोघे जर्मनीस गेलो.

पिस्तूल सोबत नेले नाही, आणि मागून जाणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला आहे. हवेवर चालणारे असले तरी पिस्तूल विमानातून, विमानतळांवरून आणि परक्या देशातील रेल्वेतून नेणे म्हणजे प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र चौकशी आणि स्वतंत्र कागद. मूठ बसवण्यासाठी त्याच प्रकारच्या पिस्तुलाचा सांगाडा लागतो आणि असे काम करणाऱ्यांकडे प्रचलित मॉडेलांचे सांगाडे बहुधा असतात. मात्र आपले मॉडेल, त्याचे वर्ष आणि मुठीच्या स्क्रूची जागा आधी पत्राने कळवून खात्री करून घ्यावी. आम्ही नेली ती जुनी मूठ, हाताचे कागदावर काढलेले माप आणि नेम धरलेल्या स्थितीतील चार बाजूंची छायाचित्रे. हाताचे माप काढताना तळवा कागदावर सपाट ठेवून पेन्सिल सरळ उभी धरून फिरवावी. पेन्सिल आत कलली तर बोटे बारीक येतात आणि एका आकाराची चूक तेथेच होते. सुटी मूठ हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इन सामानात टाकावी, कारण एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर तिचा आकार पाहून कोणीही थांबवेल आणि त्या अधिकाऱ्याची त्यात काही चूक नसेल.

मुंबईहून आम्ही रविवारी, ८ जूनला म्युनिकला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी पेंटेकॉस्टचा सोमवार असल्याने सगळी दुकाने बंद होती, हे आम्ही कॅलेंडरात पाहिलेच नव्हते. ईस्टरवर अवलंबून असलेला हा सण दर वर्षी वेगळ्या तारखेस येतो आणि बव्हेरियात त्या सुमारास शाळांनाही सुट्टी असते, त्यामुळे खोल्या महाग मिळतात. जूनमध्ये जाणाऱ्यांनी तारखा ठरवण्यापूर्वी हे अवश्य पाहावे. प्रवासासाठी आम्ही महिन्याचा डॉइचलांड-तिकीट नावाचा पास घेतला. तो २०२५ मध्ये ५८ युरोंना होता आणि शहरातील भुयारी रेल्वेपासून प्रादेशिक गाड्यांपर्यंत सर्वत्र चालला. जलद आयसीई गाड्यांत मात्र तो चालत नाही. हा पास वर्गणीच्या स्वरूपात असल्याने त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द न केल्यास पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. आम्ही तो पोहोचल्याच्या दिवशीच रद्द करून टाकला. महिनाअखेरपर्यंत तो चालूच राहतो.

नेमबाजीचे संकुल शहराच्या उत्तरेस गार्खिंग-होखब्रुक येथे आहे. भुयारी रेल्वेच्या यू-६ मार्गाने त्याच नावाच्या स्थानकावर उतरावे, तेथून पायी साधारण अर्धा तास लागतो. १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेले हे संकुल मराठी माणसाने एकदा तरी पाहावे असे मला मनापासून वाटते. अंजली भागवत यांनी २००२ मध्ये ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ किताब म्युनिकलाच मिळवला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून मारण्याच्या प्रकारात, येथेच जगज्जेत्या झाल्या. आणि राही सरनोबत यांनी २०१९ च्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण येथेच जिंकून टोकियो ऑलिम्पिकचा कोटा, म्हणजे देशासाठी एक जागा, मिळवला. भाची त्या रेंजच्या दाराशी बराच वेळ नुसती उभी राहिली. मी तिला घाई केली नाही.

स्पर्धा पाहताना आम्ही फलकावरील गुणांपेक्षा नेमबाजांच्या हातांकडे अधिक पाहिले. त्या आठवड्यात १० मीटर एअर पिस्तुलात सुरुची सिंह हिने सुवर्णपदक जिंकले, त्याचा आनंद होताच. पण आम्हाला शिकायला मिळाले ते प्राथमिक फेरीत, जेथे एका रांगेत अनेक मुठी एकाच वेळी दिसतात. फार थोड्या मुठी कारखान्यातून आल्या तशा होत्या. कोणाच्या तळव्याखाली लाकडी भुशाचा लेप, कोणाच्या अंगठ्याच्या टेकूवर खरवडल्याच्या ताज्या खुणा, तर कोणाच्या मुठीवर तीन वेगवेगळ्या रंगांचे पुटीन, म्हणजे भरावाचा लगदा. जगातील उत्तम नेमबाजांच्या मुठी दिसायला ओबडधोबड असतात, हे पाहून आमच्या मनातली देखणेपणाची ओढ तेथेच संपली.

संकुलात उत्पादकांचे आणि सुट्या भागांचे स्टॉल लागतात. तेथे माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरील नेम धरण्याच्या खुंटीच्या, वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या, ट्रिगरची पाती, तोल साधण्याची छोटी वजने, मुठीचे स्क्रू असे पुष्कळ काही मिळते आणि हात लगेच खिशाकडे जातो. माझे स्पष्ट मत असे की मूठ नीट बसेपर्यंत यांपैकी काहीही घेऊ नये. मूठ बदलली की मनगटाचा कोन बदलतो, कोन बदलला की माशीच्या दोन्ही बाजूंचा उजेड वेगळा दिसू लागतो आणि बोटाचे पेर ट्रिगरवर वेगळ्या जागी येते. म्हणजे आधी घेतलेले भाग पुन्हा बदलावे लागतात. आम्ही घेतली ती फक्त ४.५ मिलिमीटर रुंदीची एक माशी, आणि तीही परतीच्या आदल्या दिवशी घेतली असती तर बरे झाले असते. कोणताही भाग घेताना नियमांची तीन मापे डोक्यात ठेवावीत : पेटीचे माप, १५०० ग्रॅमची वजनमर्यादा आणि ट्रिगरचा किमान ५०० ग्रॅम ताण.

कारागिराकडे जाण्यासाठी म्युनिकहून उल्म, श्टुटगार्ट आणि होर्ब अशा प्रादेशिक गाड्या बदलत ओबर्नडोर्फला पोहोचण्यास आम्हाला सुमारे पाच तास लागले. गाड्या उशिरा धावतात, म्हणून प्रत्येक बदलात अर्ध्या तासाची मोकळीक ठेवावी. नेकार नदीच्या दरीतील या लहान गावात १८११ मध्ये व्यूर्टेम्बर्गच्या राजाने जुन्या ऑगस्टिनियन मठात शस्त्रांचा कारखाना काढला आणि पुढे १८७४ मध्ये तो माउझर बंधूंकडे आला. १८९६ चे माउझर पिस्तूल तेथील संग्रहालयात पाहता येते. त्याची गोल, आडव्या खाचांची लाकडी मूठ झाडूच्या दांड्यासारखी दिसते, म्हणून इंग्रजीत त्याला तेच टोपणनाव पडले. कोणाच्याही हातात बसावी म्हणून ती गोल केलेली आहे, आणि म्हणूनच ती कोणाच्याच हातात पुरती बसत नाही; आजची नेमबाजीची मूठ नेमकी उलट विचाराने घडते. याच कारखान्यात दुसऱ्या महायुद्धात सक्तमजुरांना राबवले गेले, हेही तेथे फिरताना विसरता येत नाही. युद्धानंतर फ्रेंचांनी कारखाना मोडीत काढला आणि माउझरमधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी गावातच नवे उद्योग उभे केले. कार्ल वेस्टिंगर आणि अर्न्स्ट आल्टेनबुर्गर यांचे फाइनवेर्कबाउ त्यांतलेच. १९६५ पासूनची त्यांची मॉडेल ६५ एअर पिस्तुले जगभरच्या क्लबांनी वापरली. संग्रहालय आठवड्यातून मोजकेच दिवस उघडे असते, तेव्हा वेळ आधी पाहून जावे.

आमचा कारागीर तेथून बसने अर्ध्या तासावरील एका खेड्यात होता. बाप-लेकांची ती कार्यशाळा म्हणजे घरामागची एक लांबट खोली. पूर्वसूचनेशिवाय ते कोणाला घेत नाहीत. आम्ही मार्चमध्ये पत्र लिहिले तेव्हा जूनच्या मध्याची वेळ मिळाली. मूठ यंत्रावर आधी ढोबळ कापून ठेवलेली होती, उभ्या नसेचे अक्रोड, नक्षीदार गाठींचे नव्हे. गाठ दिसायला सुंदर, पण तेथे नस फिरते आणि स्क्रू आवळताना लाकूड तडकते, असे म्हाताऱ्याने खुणेने आणि मोजक्या इंग्रजीत समजावले.

त्याने भाचीच्या तळव्याला काळी पूड चोपडली आणि मूठ धरायला सांगितली. मूठ परत घेतली तेव्हा लाकडावर कोठे काळे ठसे होते, कोठे लाकूड कोरेच होते. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात ठसा सर्वांत गडद होता. तेथून त्याने गोल कानशीचे चार हात मारले, फक्त चार, आणि पुन्हा पूड, पुन्हा ठसा. असे नऊ वेळा झाले. मधल्या बोटाची खाच त्याने जवळजवळ तासभर घेतली, कारण पिस्तूल मागे खेचून धरण्याचे काम प्रामुख्याने तेच बोट करते, आणि तर्जनी मात्र लाकडाला कोठेही टेकता कामा नये, नाहीतर ट्रिगर दाबताना ती पिस्तूलही हलवते. मग त्याने तिला डोळे मिटून हात उचलायला लावले. डोळे उघडल्यावर माशी मागच्या नेमाच्या खाचेच्या मध्यावर नव्हती, किंचित डावीकडे होती. तळव्याच्या फुगवट्यावरून अर्धा मिलिमीटर गेला, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा हात उचलला. तिसऱ्या खेपेस ती म्हणाली, “मामा, आली. आपोआप आली.” दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असते. हात तेथे आपणहून जाणे आणि ओढूनताणून नेणे यांत साठ गोळ्यांनंतर केवढे अंतर पडते, हे नेमबाजाला सांगावे लागत नाही.

शेवटी तळव्याखालचा टेकू. तो हाताला नुसता स्पर्श करावा, दाबू नये. शिवाय नियमाप्रमाणे तो मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही, वर वळवता येत नाही आणि मनगट मोकळे राहिले पाहिजे. म्हाताऱ्याच्या मुलाने पेटी आणून मूठ बसवलेला सांगाडा तीत ठेवून दाखवला. तो अलगद उतरला. भाचीने पेटीचे झाकण दोनदा उघडून पाहिले. पृष्ठभागावर पॉलिश न करता बारीक पंचाने ठोके देऊन लाकूड खरखरीत केले आणि त्यावर जवसाच्या तेलाचा एक हात दिला. दोन दिवसांच्या या कामाचे सुमारे अडीचशे युरो झाले, आणि मला ते मुळीच जास्त वाटले नाहीत.

जाणाऱ्यांनी तेथे किमान दोन दिवस ठेवावेत, सलग एका दिवसात काम उरकू नये. पहिल्या दिवशी संध्याकाळी हात थकलेला आणि किंचित सुजलेला असतो, त्यावर बसवलेली मूठ सकाळी सैल लागते. आमच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी बेचक्यात आणि करंगळीखाली दुरुस्ती करावी लागलीच. नखे कापून जावे, अंगठी काढावी आणि नेमबाजीचे बूट सोबत न्यावेत, कारण उभे राहण्याची पद्धत बदलली की हाताचा कोन बदलतो. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मात्र एवढा खर्च करू नये. हात वाढत असेतो समायोजित होणारी आयती मूठ आणि थोडे पुटीन पुरेसे आहे.

बिलावर ‘एअर पिस्तुलाची लाकडी मूठ’ असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि मुंबईला उतरताना ते हाताशी ठेवावे. ५० युरोंहून अधिक खरेदीवर जर्मनीचा मूल्यवर्धित कर परत मागता येतो. त्यासाठी दुकानदाराकडून निर्यातीचा कागद भरून घेऊन सामान चेक-इन करण्यापूर्वी विमानतळावरील कस्टमचा शिक्का घ्यावा लागतो, आणि वस्तू दाखवावी लागू शकते. शिसवीच्या जातीचे लाकूड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत येते, म्हणून परदेशातून मूठ घेताना अक्रोडच बरे.

आपल्याकडचा पावसाळा हा मुठीचा खरा शत्रू. परत आलो तेव्हा कोल्हापुरात पाऊस लागला होता आणि पंधरा दिवसांत मूठ बेचक्यात घट्ट लागू लागली. कारागिराने याची कल्पना दिलेली होती : लाकूड फुगले तर कानस लावू नये, कारण ऑक्टोबरच्या उन्हात ते पुन्हा बसते आणि तेव्हा घासलेली जागा भरून निघत नाही. आम्ही मूठ सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवतो, सरावानंतर कोरड्या फडक्याने पुसतो आणि महिन्यातून एकदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देतो. तेलाचे फडके मात्र चुरगळून टाकू नये, ते उष्णता धरून आपोआप पेटू शकते. दोरीवर पसरून पूर्ण वाळू द्यावे. मुठीचा स्क्रूही पावसाळ्यात दर आठवड्याला तपासावा. फुगलेल्या लाकडावर तो घट्ट वाटतो आणि हवा कोरडी झाली की सैल पडतो.

जुनी शिसवी मूठ भाचीने टाकलेली नाही. घरी हात उचलण्याचा सराव ती तीच धरून करते, कारण ती जड आहे.