तुम्ही विचारलंत म्हणून: खोकी बनवून विज्ञान येतं का?

"डिझाइन थिंकिंग वगैरे ठीक, पण मुलं तासभर खोकी चिकटवत बसतात. त्यात विज्ञान कुठंय?" शिक्षक आणि पालक, दोघंही मला हे विचारतात. (डिझाइन थिंकिंग म्हणजे वापरणाऱ्याची गरज समजून घ्यायची, नमुना बनवायचा, तो तपासायचा आणि सुधारायचा.) प्रश्न रास्त आहे. खोकं चिकटवताना माझ्याही वर्गात फारसं विज्ञान घडत नाही.

माझं ठरलेलं काम असं: बर्फ जास्तीत जास्त टिकेल असं खोकं करायचं. वापरणारा कोण, त्याची गरज काय, हा पहिला टप्पा मी झटपट उरकते (या पद्धतीचे जाणकार रागावतील). खरा वेळ देते तो नमुना आणि चाचणी यांच्या मधल्या जागेला. चाचणीआधी प्रत्येक गटानं लिहून द्यायचं, काय होईल आणि का. गुण त्या 'का'ला; बर्फ किती उरला याला शून्य.

लोकरीचं नाव निघालं की हमखास कुणीतरी म्हणतं, "लोकर गरम असते, बर्फ लवकर वितळेल." मी गप्प. सारख्या वजनाचे दोन तुकडे, एक उघडा, एक लोकरीत. तासाभरानं काट्यावर लोकरीतला जड भरतो. एकदा जिंकलेला गट "म्हणजे लोकर थंड असते" असं लिहून मोकळा झाला! पुरावा बिनचूक, निष्कर्ष भलताच. तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यात दावा आणि पुरावा यांना जोडणारा दुवा वेगळा दाखवला आहे. मुलांचं गाडं तिथंच रुततं. मोठ्यांचंही.

त्या दिवशी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "थंड असेल तर लोकरीत गुंडाळलेलं गरम पाणी लवकर निवायला हवं." करून पाहिलं. उशिरा निवलं. 'गरम' आणि 'थंड' दोन्ही बाद झाले. बऱ्याच वादावादीनंतर खरं कारण सापडलं: तंतूंमध्ये अडकलेली हवा, जी उष्णतेची ये-जा मंदावते.

पुढच्या नमुन्यात त्याच गटानं खोक्याच्या तळाला भोक पाडलं. 'का'च्या रकान्यात होतं: "बर्फाचं पाणी साचलं की लोकर भिजते आणि तिच्यातली हवा जाते." पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त उष्णतावाहक असतं, हे मी तेव्हा सांगितलं, आधी सांगून उपयोग नव्हता. शेजारच्या गटाचा आक्षेप तयारच होता: भोकातून बाहेरची हवा आत येईल, तिचं काय?

पुढच्या तासाला दोन खोकी मांडली, एक भोकाचं आणि एक बिनभोकाचं.