डिश घेऊ की केबल? तुम्ही विचारलंत म्हणून

घर बदललं, नवीन टीव्ही आला किंवा जुन्या कनेक्शनला वैतागले की ओळखीतलं कुणीतरी मला हमखास विचारतं, "डिश घेऊ की केबल? चांगलं काय?" आणि मी उत्तर द्यायच्या आधी उलट दोन प्रश्न विचारते, तुमच्या गच्चीवरून आकाश कुठल्या बाजूला मोकळं आहे, आणि तुमच्या गल्लीत केबल बंद पडली की दुरुस्तीला कोण येतं आणि किती वेळात येतं. लोकांना वाटतं मी टाळतेय, त्यांना कंपनीचं नाव हवं असतं. पण खरंच सांगते, कंपनीचं नाव नंतर बघा. चॅनेल दोन्हीकडे बरेचसे तेच असतात, बॉक्सही एकासारखे एक, मोठा फरक आहे तो सिग्नल तुमच्या टीव्हीपर्यंत कुठल्या वाटेने येतो याचा. एक वाट आकाशातून सरळ तुमच्या घरावर उतरते, दुसरी गल्लीगल्लीतून येते. ज्या घराला जी वाट मोकळी, त्या घराला ते चांगलं. म्हणून एकाच इमारतीतल्या दोन घरांना मी वेगवेगळी उत्तरं देऊ शकते आणि देतेही.

आधी डिशचं बोलू. टीव्हीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून साधारण 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर उपग्रहाला एक फेरी मारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे खालून बघणाऱ्याला तो एका जागी खिळल्यासारखा वाटतो. विज्ञानकथा लिहिणाऱ्या आर्थर क्लार्क यांनी 1945 मध्ये एका लेखात सुचवलं होतं की अशा कक्षेतून अख्ख्या पृथ्वीवर प्रक्षेपण करता येईल, आणि 1964 मध्ये सिनकॉम 3 हा उपग्रह तिथे पोचला सुद्धा. आपल्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की डिश एकदा एका दिशेला घट्ट बसवली की परत हलवायची नाही. पण ती दिशा तुमच्या हातात नाही. तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला राहत असाल तर डिश साधारण दक्षिणेकडच्या आकाशाकडे, दक्षिणेला राहत असाल तर उत्तरेकडच्या, आणि नेमका कोन तुमचं ठिकाण आणि त्या कंपनीचा उपग्रह यावर ठरतो. त्या बाजूला समोरची उंच इमारत असेल तर विषय संपला, कितीही महागडी डिश लावा.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. घरावरची छोटी डिश बघितली तर ती जवळजवळ उभी दिसते, असं वाटतं की ती समोरच्या क्षितिजाकडेच बघतेय. तसं नसतं. तिचा आकारच असा केलेला असतो की ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरून येणारा सिग्नल पकडते. त्यामुळे डिशच्या "समोर" काही नाही म्हणून खूश होऊ नका, समोर आणि वर बघा. आणि झाड असेल तर ते आज केवढं आहे यापेक्षा चार वर्षांनी केवढं होईल ते बघा, कारण पानं हा सिग्नल बराच खातात आणि ओली पानं तर फारच. डिश पानगळीत बसवलेली असेल तर नवी पालवी फुटली की चित्र अडकायला लागतं आणि घरचे बिचारे बॉक्स बदलून बघत बसतात.

आता पाऊस. डिशबद्दलची नंबर एकची तक्रार हीच, आणि ती खरी आहे. घरगुती डिशचा सिग्नल बहुतेक करून 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे लाटेची लांबी अडीच सेंटीमीटरच्या घरात, आणि एवढ्या छोट्या लाटेला जोरदार पावसाचे थेंब शोषतातही आणि इकडेतिकडे उधळतातही. रिमझिम पावसाने सहसा काही होत नाही. दाट काळा ढग फुटतो तेव्हा होतं, आणि तो सरला की चित्र आपोआप येतं. पण तुमच्याकडे पावसात दर वेळी, अगदी साध्या सरीत सुद्धा चित्र जात असेल तर पावसाला दोष देऊ नका, डिश नीट लागलेली नाहीये. साठ सेंटीमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीनेक अंशांची असते, वाऱ्याने खांब एक-दीड अंश हलला तरी सिग्नलचा मोठा भाग जातो. कोरड्या दिवशी ते कळतच नाही, कारण डिजिटल चित्र हळूहळू खराब होत नाही, ते शेवटपर्यंत स्वच्छ असतं आणि मग एकदम चौकोन पडून फुटतं. म्हणजे काठावर उभं असलेलं कनेक्शनसुद्धा उन्हात झकास दिसतं! बसवणारा माणूस "आलं बघा चित्र" म्हणून निघतो तेव्हा त्याला थांबवून बॉक्सच्या मेनूमधली सिग्नल क्वालिटी बघायची, स्ट्रेंग्थ नव्हे, क्वालिटी, आणि ती अजून वाढते का हे त्याला डिश किंचित हलवून बघायला लावायचं. शक्य असेल तर एक साइज मोठी डिश मागा, पावसासाठी यापेक्षा सोपा उपाय नाही.

वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, सूर्य थोडा वेळ बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. काही दिवस रोज ठरावीक वेळेला काही मिनिटं चित्र जातं. त्यासाठी कुणालाही बोलवू नका, आपोआप थांबतं.

दुसरा टीव्ही असेल तर डिशमध्ये जास्त विचार लागतो. डिशच्या पुढे जो छोटा डबा असतो, एलएनबी, त्याला तुमचा बॉक्सच वायरीतून वीज देतो, 13 किंवा 18 व्होल्ट, आणि कुठल्या गटातले चॅनेल खाली पाठवायचे हे त्या व्होल्टेजवरून ठरतं. आता एका वायरीला साधा स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या दोन करणारा जोड, लावून दोन बॉक्स जोडले तर एक मागतो एक आणि दुसरा मागतो दुसरं, आणि अर्धे चॅनेल कधी येतात कधी गायब. म्हणून प्रत्येक बॉक्सला एलएनबीपासून स्वतःची वायर, किंवा त्यासाठीच बनवलेला वेगळा स्विच. हे बसवताना करून घेणं सोपं, नंतर परत भिंती फोडणं नको वाटतं.

केबलचा जन्मच मुळात आकाश मोकळं नसलेल्या लोकांसाठी झाला, हे मला फार आवडतं. 1948 मध्ये अमेरिकेत ओरेगनमधल्या ॲस्टोरिया गावात टीव्हीचा सिग्नल धड येत नव्हता, सगळ्यात जवळचं स्टेशन दूर सिएटलला आणि मधे डोंगर. एड पार्सन्स नावाच्या रेडिओवाल्याने तिथल्या हॉटेलच्या गच्चीवर अँटेना उभारला, सिग्नल पकडला आणि वायरीने घरी नेला, मग शेजारपाजारच्यांना. पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ गावांमध्येही त्याच सुमाराला तेच सुरू झालं. एक उंच जागा सगळ्यांसाठी, आणि तिथून वायर. आजही केबल तशीच चालते, फक्त त्या उंच जागेला आता कंट्रोल रूम किंवा हेडएंड म्हणतात आणि तिथे कित्येक मीटर रुंदीच्या डिश असतात. हो, केबलवाल्याकडेही बरेच चॅनेल उपग्रहावरूनच येतात! पण त्याची डिश प्रचंड, आणि पुष्कळदा तो 4 गिगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल घेतो ज्याला पाऊस फारसा जाणवत नाही. म्हणून पावसात तुमच्या डिशवर चित्र गेलेलं असतं तेव्हा शेजारी केबलवर मॅच आरामात चालू असते.

मग केबल कुठे मार खाते? वाटेत. हेडएंडपासून तुमच्या भागापर्यंत बहुतेक ठिकाणी फायबर येते, तिथून पुढे तांब्याची वायर, मधे मधे सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर आणि सगळीकडे जॉइंट. त्या प्रत्येक जागी काहीतरी होऊ शकतं, रस्ता खणणारे वायर तोडतात, जॉइंटमध्ये पाणी शिरून गंज चढतो, ॲम्प्लिफायरला वीज मिळत नाही. हे शेवटचं नीट लक्षात घ्या, तुमच्या घरी बॅकअप असला आणि टीव्ही चालू असला तरी रस्त्यावरच्या पेटीची वीज गेलेली असेल आणि तिथे बॅटरी नसेल तर केबल बंद. डिशला मात्र तुमच्या घरची वीज पुरते. जिथे वीज वारंवार जाते तिथे एवढ्या एका कारणासाठी मी डिश सांगते.

आणि म्हणून तो दुसरा प्रश्न, दुरुस्तीला कोण येतं. केबलचं कनेक्शन घेताना तुम्ही खरं तर ती लाइन सांभाळणारी माणसं घेत असता. माणूस फोन उचलणारा, त्याच दिवशी येणारा, जॉइंटला टेप गुंडाळून न जाता नवीन कनेक्टर लावणारा असेल तर त्याची किंमत शंभर जादा चॅनेलांपेक्षा मला जास्त वाटते. हे जाहिरातीत कळत नाही, गल्लीतल्या तिघाचौघांना विचारूनच कळतं. त्यांना "सर्व्हिस कशी आहे" असं विचारू नका, सगळे "ठीक आहे" म्हणतात. "शेवटचं कधी बंद पडलं आणि किती वेळाने सुरू झालं" असं विचारा, मग खरं ते बाहेर येतं.

इंटरनेटचा मुद्दा आता टाळता येत नाही. केबलची वायर दोन्ही बाजूंनी बोलू शकते, 1997 पासून त्यासाठीचं मोडेमचं ठरलेलं तंत्र आहे, त्यामुळे एकाच वायरीवर टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही मिळू शकतं. टीव्हीची डिश फक्त ऐकते, परत काही पाठवत नाही, हवं तेव्हा हवं ते बघायचं असेल तर इंटरनेट वेगळं घ्यावंच लागतं. दोन्ही एकाकडून घेतलं तर बिल कमी येऊ शकतं हे खरं, पण वायर तुटली की टीव्हीही जातो आणि इंटरनेटही, आणि घरून काम करणाऱ्याला ते परवडत नाही. काही जण म्हणतात मग दोन्ही सोडून सगळं इंटरनेटवरच बघू. बघा की, नेट भक्कम असेल तर काहीच हरकत नाही. पण मोठ्या सामन्याच्या दिवशी सगळे एकदम बघायला लागले की ताण इंटरनेटवरच येतो. उपग्रहाला खाली एक टीव्ही लागलाय की लाखो, काही फरक पडत नाही.

चित्राच्या दर्जाबद्दल सरसकट डिश चांगली किंवा केबल चांगली असं कुणी सांगितलं तर मानू नका. एकच चॅनेल दोन सेवांवर वेगळा दिसू शकतो कारण कमी जागेत जास्त चॅनेल बसवायला कुणी चित्र किती दाबायचं हे ज्याचं त्याच्यावर. एचडी लिहिलंय म्हणून झालं नाही. कुणाच्या तरी घरी जाऊन फुटबॉल लावा आणि कॅमेरा पळतो तेव्हा मैदानावरचं गवत बघा, हिरवा चिखल झाला तर समजा खूप दाबलंय.

कागदावर सही करण्याआधी बघायच्या गोष्टी दोन्हीकडे त्याच आहेत, सुरुवातीच्या सवलतीनंतरचा दर, मुदतीआधी बंद केलं तर काय, बॉक्स तुमचा की भाड्याचा, दुसऱ्या टीव्हीचे वेगळे पैसे, माणूस आला तर त्याची फी. भाड्याने राहत असाल तर डिश लावायची घरमालकाची परवानगी आधी, लेखी. घर वरचेवर बदलत असाल तर डिशचा बॉक्स पुष्कळदा बरोबर नेता येतो, केबलचा त्या भागातच राहतो. आणि डिशच्या खांबाला अर्थिंग केलंय का हे विचाराच, विजांच्या दिवसांत ते महत्त्वाचं आहे आणि बसवणारे ते सोडून देतात.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो घरात वयस्कर एकटं माणूस असेल तेव्हा. त्यांच्यासाठी टीव्ही म्हणजे दिवसभराची सोबत असते, आणि तरी कनेक्शन निवडतात मुलं, स्वतःच्या आवडीच्या चॅनेलांवरून. तिथे माझं मत ठाम आहे, हाक मारल्यावर येणारा केबलवाला जवळ असेल तर डोळे झाकून केबल, कारण बॉक्स अडकला, वायर निसटली, चुकून भाषा बदलली, असल्या कामाला कस्टमर केअरच्या फोनवर "एक दाबा, दोन दाबा" त्यांना जमत नाही, आणि का जमावं? केबलवाला धड नसेल तर डिश, पण मग रिचार्ज मुलांनी आपल्याकडे घ्यायचा, तो संपून पडदा काळा व्हायची वेळ येऊ द्यायची नाही. आणि काहीही घेतलंत तरी टीव्ही आणि बॉक्स एकाच रिमोटवर चालेल असं बसवणाऱ्याकडून करून घ्या आणि त्यांच्या हातात देऊन चॅनेल त्यांनाच लावायला सांगा, तो माणूस घरात असतानाच.