पहिली सिगार कुठली घेऊ?

फ्लोरिडातल्या टँपाला राहतो म्हटलं की ओळखीतले लोक दोन गोष्टी हमखास विचारतात, वादळात घर राहिलं का आणि पहिली सिगार कुठली घेऊ. घर राहिलं, कुंपण गेलं. सिगारचं मात्र दर वेळी व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात सांगून कंटाळा आलाय, त्यात मागच्या महिन्यात पुण्याहून मेव्हण्याने विचारलं (त्याला मुलगी झाली, आणि अमेरिकेत बाप झाल्यावर सिगार वाटतात हे त्याने कुठेतरी बघितलं), म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू.

छोटी घ्या, माइल्ड घ्या आणि पोटभर जेवून मग ओढा. तिसरी गोष्ट कोणी ऐकत नाही. मीपण ऐकली नव्हती.

इकडे नवीन होतो तेव्हा ईबोर सिटी बघायला गेलो. टँपाचा हा जुना सिगारवाल्यांचा भाग, 1886 च्या सुमारास मार्तिनेझ ईबोर नावाच्या माणसाने इथे कारखाना काढला आणि क्यूबाचे कारागीर येऊन राहिले, अजूनही रस्त्यावर कोंबडे मोकाट फिरतात आणि त्यांना कोणी हात लावत नाही. कारखान्यात एक जण उंचावर बसून कामगारांना पेपर, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून द्यायचे. हे ऐकून मी इतका भारावलो की नुसत्या चहा-बिस्किटावर निघालेला मी दुकानात शिरून म्हणालो, सगळ्यात स्ट्राँग द्या. घरात आजोबांची चंची होती, आजी मिश्री लावायची, तेव्हा तंबाखू आपल्याला काय करणार! सात इंची जाडजूड नग, आणि मी तो सिगारेटसारखा छातीत ओढतोय. वीसेक मिनिटांत कानात शिट्टी, हात गार, दरदरून घाम, पोटात असं ढवळलं की बाहेर फुटपाथवर बसकण मारली, समोर एक कोंबडा मान वाकडी करून बघतोय. दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी काही न बोलता छोटा कप क्यूबन कॉफी आणून दिली, पाक म्हणावा इतकी गोड. थोड्या वेळाने माणसात आलो. म्हणून पहिल्या वेळी काहीतरी गोड जवळ ठेवाच.

नंतर त्याच काकांनी समजावलं. बिडीला बाहेर तेंदूचं पान, सिगारेटला कागद, सिगारला मात्र आतबाहेर सगळी तंबाखूच. बाहेरचं पान म्हणजे रॅपर, त्याखाली बाइंडर, आत फिलर. लोक रॅपरचा रंग बघून ठरवतात, काळी म्हणजे कडक. तसं नसतं, काळपट मादुरो कित्येकदा गोडसर लागते. कडकपणा जास्त करून फिलरमधून येतो, रोपाच्या शेंड्याकडची पानं ऊन जास्त खातात, त्यांना लिगेरो म्हणतात, ती जितकी जास्त तितका झटका जास्त. दुकानात लिगेरो शब्द ऐकलात की पहिल्या वर्षी पुढे सरका.

आता नावं. मॅकानुडो कॅफे, डोमिनिकन, फिक्कट कनेक्टिकट रॅपर, मुरलेले लोक तिला पाणीदार म्हणून नाकं मुरडतात पण सुरुवातीला पाणीदारच हवी. थोडी चव हवी तर ऑलिव्हा कनेक्टिकट रिझर्व्ह किंवा पर्दोमो शँपेन, दोन्ही निकाराग्वाच्या. आणि माझी लाडकी म्हणजे आर्तुरो फुएंतेची शॉर्ट स्टोरी, चार इंचांची, दोन्हीकडे निमुळती. ही आधीच्या तिघींपेक्षा जरा अंगाने भरलेली आहे, पण छोटी असल्यामुळे त्रास व्हायच्या आत संपते. फुएंतेंची सुरुवातही 1912 मधे टँपातच झाली, त्यामुळे थोडा गाववाल्याचा पक्षपात धरा. जाडी इंचाच्या 64 व्या भागात मोजतात, 42 म्हणजे बेताची, 50 म्हणजे पाऊण इंचाच्या वर. साठ वगैरे दिसली तर फोटो काढा आणि परत ठेवा.

क्यूबनच्या नादी आत्ता लागू नका. चांगल्या असतात, प्रश्न तो नाही, पण बीचवर स्वस्तात मिळणारी कोहिबा (क्यूबाचा सगळ्यात नावाजलेला ब्रँड) बहुतेक नकली, आणि काचेच्या झाकणाची पेटी तर डोळे मिटून नकली समजा. अमेरिकेत तर 1962 पासून बंदीच आहे, मधे काही वर्षं प्रवाशांना आपल्यापुरत्या आणता यायच्या, 2020 च्या सप्टेंबरपासून तेही बंद.

कापताना टोपीचा, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाचा, नुसता शेंडा, दोनेक मिलिमीटर, जास्त कापलंत तर पान उलगडत जातं. पेटवायला गॅसचा लायटर, पेट्रोलचा नको, वास उतरतो. ज्योत लावायची नाही, खालून धरून गोल फिरवत कडा शेकायची, पापड भाजतो तशी. मग मिनिटाला एखादा झुरका, धूर तोंडात खेळवायचा आणि सोडायचा. घाई केली की कडू होते. अर्ध्यावर पुरे वाटलं तर खुशाल ठेवून द्या, चुरडू नका, आपोआप विझते. न पेटवलेल्या सिगारी झिपच्या पिशवीत, ओलावा राखणारं 65 किंवा 69 टक्क्यांचं ह्युमिडिटी पाकीट टाकून कपाटात. फ्रिजमधे नको, कोरड्या पडतात. आणि मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या ठेवल्या तर बुरशी धरणारच.

आणि हो, छातीत घेत नाही म्हणजे काही होत नाही हे सगळेच म्हणतात, मीपण म्हणायचो. सिगारचं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं, तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर सिगारनेही होतो, मोठ्या एका सिगारमधे सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. मी महिन्याला एक ओढतो, फार तर दोन, आणि डेंटिस्टला ते सांगून ठेवलंय. ज्याने आजवर काहीच ओढलेलं नाही त्याला मी सरळ सांगतो की राहू दे, पेढे वाट.

मेव्हणा डिसेंबरमधे सहकुटुंब येतोय. त्याला मी ओळखतो, दुबईला उतरून ड्युटी फ्रीमधे कोहिबा बघत उभा राहणार, म्हणून आधीच फोन करून बजावलंय. दोन शॉर्ट स्टोरी आणून ठेवल्यात. बायकोने तिची अट सांगितली आहे, घरात बाळ आहे, तर दोघांनी जेवण झाल्यावर मागे कुंपण होतं तिथे खुर्च्या टाकायच्या, आणि आत येताना शर्ट गॅरेजमधेच काढायचे.