पर्वती उतरल्यावर काय खाता?

रोज सकाळी पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या चढणारे आमच्या ओळखीतले बरेच जण खाली आले की थेट साबुदाणा खिचडीवर ताव मारतात आणि मग म्हणतात वजन काही हलत नाही. अहो, साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च, प्रोटीन काय ते दाण्याच्या कुटातलं, आणि वरून तूप, ज्याच्या १ ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात! त्यापेक्षा घरी येऊन मुगाचं धिरडं नाहीतर मटकीची उसळ-भाकरी खा, मी तेच खाते, दुपारपर्यंत भूकच लागत नाही. चालणं मात्र सोडू नका, आठवड्याला निदान १५० मिनिटं हवंच. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या नकोत, सारसबागेत सपाटीवर चाला.