एकोणीस त्रिक सत्तावन्न

भाचा सुट्टीला आल्यापासून जेवताना एक नवीनच चाळा लागलाय, गणितातलं एखादं ठार खोटं विधान करायचं, पण मास्तरांच्या सुरात, आणि अजिबात हसायचं नाही. मी म्हणायचं, पायचा (म्हणजे π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, ज्याचे दशांश कधी संपतच नाहीत) शेवटचा अंक ४ आहे, फक्त अजून जीआर निघालेला नाही. तो म्हणतो, मामा, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० ती जीएसटी सोडून, १८ टक्के लावला की २१२.४. हे मला जाम आवडलं कारण हिशोब बरोबर आहे.

आज मी ५७ काढला. अलेक्झांडर ग्रोथेंडिक म्हणजे विसाव्या शतकातला केवढा मोठा गणिती, त्याच्याबद्दल सांगतात की कुणीतरी त्याला म्हणालं, एखादी खरीखुरी मूळ संख्या घेऊन दाखवा ना, तर हा म्हणे बरं, ५७ घ्या. तेव्हापासून ५७ला लोक गमतीने ग्रोथेंडिक प्राइम म्हणतात. मी नुसतंच गंभीरपणे "५७ मूळ संख्या आहे" असं टाकलं, भाचा अडकलापण, मनातल्या मनात ७ने भागत बसला, आणि तेवढ्यात आतून आई, पोळी लाटता लाटता, "एकोणीस त्रिक सत्तावन्न". झालं. मग ५१ म्हटलं तर सतरा त्रिक, ९१ म्हटलं तर तेरा साते. तीसपर्यंत पाढे घोकलेल्या माणसांसमोर हा जोक चालतच नाही, ग्रोथेंडिक आमच्या स्वयंपाकघरात टिकला नसता.

खरं तर पायचा शेवटचा अंक वगैरे स्वस्तातलं काम आहे, लगेच कळतं. खोटं कसं पाहिजे, तर समोरच्याने पेन्सिल घेऊन बसावं आणि तरी पकडता येऊ नये. त्यात गणिताची कोडी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरच्या वर कोणी नाही. १९७५च्या एप्रिलमध्ये, एप्रिल फूल म्हणून, सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात त्याने एक नकाशा छापला आणि सांगितलं की शेजारशेजारचे भाग एकाच रंगाचे नकोत म्हटलं तर ह्याला चार रंग पुरत नाहीत, पाच लागतात. लोकांनी तो चार रंगांत रंगवून त्याला पाठवला! आणि पुढच्याच वर्षी ॲपेल आणि हाकेन या गणितज्ञांनी कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतातच हे सिद्ध केलं. त्याच लेखात रामानुजनचं नाव पुढे करून आणखी एक थाप होती, की ई चा (e, म्हणजे साधारण २.७१८ ही संख्या) पाय गुणिले वर्गमूळ १६३ इतका घात केला की पूर्णांक येतो. येत नाही. पण येतं काय, तर २६२५३७४१२६४०७६८७४३ आणि दशांश चिन्हापुढे ओळीने बारा वेळा ९! साध्या कॅल्क्युलेटरवर एवढे आकडे मावतच नाहीत, पकडणार कसं. आणि गंमत म्हणजे त्या थापेमुळे ह्या संख्येला रामानुजन स्थिरांक हेच नाव चिकटलं.

भाच्याला मात्र इंडियानाची गोष्ट जास्त आवडली, जी थाप नव्हतीच. १८९७ साली अमेरिकेतल्या त्या राज्याच्या विधिमंडळात गुडविन नावाच्या डॉक्टरच्या "शोधा"वर विधेयक आलं, त्यातल्या आकड्यांवरून पाय ३.२ निघतो, वर सवलत अशी की इंडियानातल्या शाळांना हा शोध फुकट. खालच्या सभागृहात ६७ विरुद्ध ० ने पास! वाल्डो नावाचे गणिताचे प्राध्यापक भलत्याच कामासाठी तिथे आले होते, त्यांनी सिनेटच्या लोकांना जरा शिकवलं म्हणून ते पुढे बारगळलं. भाचा म्हणाला, एकानेपण दोरी घेऊन ताट मोजलं नाही?

मग मी त्याला १६/६४ दिलं. वरचा ६ आणि खालचा ६ उडव, उरलं १/४. त्याने नीट करून बघितलं, उत्तर बरोबर. १९/९५, २६/६५, ४९/९८, सगळीकडे तसंच. आता तो म्हणतोय की शाळा सुरू झाली की पेपरात असंच उडवणार आणि मार्क कापले तर भांडणार, मी म्हटलं भांड, पण मामाने शिकवलं म्हणून सांगू नकोस. आई म्हणाली, १३/३९ करून बघ म्हणावं त्याला.

केलं त्याने. ३ उडवला, १/९ आलं, आणि आता आजीशी वाद घालतोय की ३९चं गणितच चुकीचं आहे.